अर्ज: घरगुती पवनचक्की, उंची अकरा फूट

रकाना १. अर्जदाराचे पूर्ण नाव व पत्ता

भिवा कोंडीराम गमरे, भानजी चाळ, तिसरा मजला, खोली चौतीस, लालबाग.

एवढं लिहिलं आणि रकाना संपला. 'लालबाग'मधला 'ग' चौकटीबाहेर गेला. भिवाने पेनाला टोपण लावलं आणि खिडकीआडच्या कारकुनाकडे पाहिलं. तुटलेला धागा तसाच सोडून बिडी प्यायला गेलेल्या गड्याकडे तो पूर्वी गिरणीत असंच बघायचा.

"धंदा कुठे लिहू?"

"तो रकाना नाही."

"बरं झालं. लिहिण्यासारखा ठेवलात कुठे."

कारकुनाने वर पाहिलं नाही. तो शिक्का मारत होता. समोर येईल त्या कागदावर मारत होता, न वाचता, एका लयीत. भिवाने ते लक्षात ठेवलं.

रकाना २. अर्ज करण्याचे कारण (थोडक्यात)

थोडक्यात सांगायचं तर जिना.

भानजी चाळीचा जिना लाकडी, चाळीच्या पोटातून गेलेला. भर दुपारी बारालाही त्यात हात पुढे करून चालावं लागे. मालकाला चाळ पाडून टॉवर उठवायचा होता आणि भाडेकरू हलत नव्हते. तेव्हा त्याने जिन्याचा सार्वजनिक मीटर कापून नेला. अंधाराला कंटाळून उतरतील आपोआप, असा त्याचा हिशेब. पहिली उतरली ती शेवंता. ती चाळीतली नव्हेच. माहीमच्या कोळीवाड्यातून पंचवीस वर्षं पाटी घेऊन येणारी बाई. तिचे बांगडे तळमजल्यापर्यंत पोहोचले, ती मधल्या वळणावर राहिली. खुबा मोडला. तेव्हापासून चाळीने बाजारातून मासळी आणायला सुरुवात केली आणि शेवंताचं पुढे काय झालं हे विचारायला माहीमला कुणी गेलं नाही. भिवाही गेला नाही. स्वतःबद्दल त्याचं मत चाळीबद्दलच्या मतापेक्षा फार वर नव्हतं.

पण घरात मीराबाई होती. त्याच्या बायकोला एका डोळ्याने दिसत नव्हतं, आणि दुसऱ्याने दिसतं असं ती म्हणायची. ती दिवसातून चारदा जिना उतरे: दूध, भाजी, बुद्धविहार, आणि चौथ्यांदा उगाच, कारण खोलीत नवरा होता.

गिरणी सुटल्यावर तीस वर्षं भिवाने चिंचपोकळीच्या एका दुकानात पंख्यांच्या मोटारी गुंडाळल्या होत्या. वीज दिली की पंखा फिरतो, तसा पंखा फिरवला की वीज मिळते, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. रे रोडच्या भंगारातून त्याने बोटीचा एक अल्टरनेटर आणला. सहा इंची पाइप उभा चिरून तीन पाती काढली. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून शेपूट केलं. गच्चीच्या कठड्याला चार बोल्टांनी अकरा फुटांचा लोखंडी पाइप जखडला, खाली ट्रकची जुनी बॅटरी ठेवली आणि जिन्यात चार दिवे सोडले. दुपारी समुद्रावरून वारा यायचा, पाती घुमायची आणि दुसऱ्या दुपारपर्यंत जिन्यात उजेड असायचा.

अडीच महिने सगळं सुरळीत चाललं. चाळीत कोण कुणाला विचारून काय करतो? पोटमाळे, रुंदावलेल्या मोऱ्या, गॅलरीत ठोकलेले पत्रे, एकाचाही कागद नाही. एकाचंही काही बिघडलेलं नाही.

मग भिवा परवानगी मागायला गेला.

"तुम्हाला कुणी विचारलं होतं?" मीराबाई म्हणाली.

"नाही."

"मग?"

"उद्या विचारतील."

"उद्या विचारलं असतं तर उद्या गेला असतात. आज गेलात, आता ते आजपासून विचारतील."

तिचं बरोबर होतं. पण ती गिरणीत बदली नव्हती, भिवा होता. बदली म्हणजे नोकरी नसलेला नोकर. रोज सकाळी पावणेसातला खात्याच्या दारात उभं राहायचं. कायम माणूस गैरहजर असला की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, बोट दाखवायचा, त्या दिवशी काम. नसला गैरहजर, तर कार्डावर हजेरीचा शिक्का घेऊन घरी. शिक्का महत्त्वाचा. सात वर्षं भिवाने एक शिक्का चुकवला नाही. मग ब्याऐंशीचा संप आला आणि पुढे कधीतरी गिरणीचं दार अर्धं उघडलं, तेव्हा टेबलामागच्या माणसाने कार्ड उलटंपालटं करून विचारलं, दीड वर्षात एकही शिक्का कसा नाही? संप होता, भिवा म्हणाला. ते ठीक, पण शिक्का कुठाय?

त्या माणसाच्या तोंडावर राग नव्हता, लाज नव्हती, काहीच नव्हतं. भिवाला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली नाही. ओल्या फडक्याच्या थोबाडीत कोण देतं? त्याने फक्त गाठ बांधली की यापुढे आपल्याकडे कागद असणार.

ही ती गाठ. ती घेऊन तो खिडकीपाशी उभा होता.

रकाना ३. कार्यालयीन उपयोगासाठी. अर्जदाराने येथे काही लिहू नये.

इथे लिहायला हवं ते असं.

दुय्यम अभियंता हेरंब परचुरे, दादरचा, वय तिशीचं, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. त्याने अर्ज वाचला, परत वाचला आणि नियमांचं जाड पुस्तक काढून पुढून मागे आणि मागून पुढे चाळलं.

"पवनचक्कीसाठी आपल्याकडे नियमच नाहीत हो, गमरे."

"म्हणजे मनाई नाही."

"नियम नाही म्हणजे मनाई नाही, असं नसतं. नियम नाही म्हणजे परवानगी देता येत नाही."

"आणि मनाई करता येते?"

"तीही नियमाशिवाय येत नाही." परचुरेला स्वतःचंच वाक्य आवडल्यासारखं दिसलं. "तुमच्यामुळे एक पोकळी लक्षात आली बघा. वर कळवतो."

भिवाने त्याच्या खिशातल्या दोन पेनांकडे पाहिलं. एकाने काम होत नाही म्हणून दुसरं, आणि दुसऱ्यानेही होत नाही.

चार महिन्यांनी पोकळी भरली. नियम आले. सोबत भिवाच्या नावाने पत्र: सदर पवनचक्की खालील अटींची पूर्तता करीत नसल्याने पंधरा दिवसांत काढून टाकावी, अन्यथा कार्यालय काढून नेईल. अल्टरनेटरसकट.

अख्ख्या शहरात हा नियम एका माणसाला नडत होता, आणि त्या माणसाने तो स्वतः अर्ज करून मागवला होता.

रकाना ४. अटी (वाचून समोर होय / नाही लिहावे)

अट १: भूखंड किमान एक एकर असावा.

अट २: सूर्यास्तानंतरही जागेवर राहील असे कोणतेही बांधकाम या नियमांपुरते स्थायी समजले जाईल.

अट ३: पवनचक्कीची उंची जमिनीपासून मोजावी. कुंपणापासून तिचे अंतर सर्व बाजूंनी उंचीच्या दीडपट असावे.

अट ४: ती घरामागील अंगणात उभारावी, पुढील अंगणात नव्हे.

अट ५: तिची सावली शेजाऱ्याच्या खिडकीवर पडू नये.

अट ६: तिच्या आवाजाने शेजाऱ्यांची शांतता भंगू नये.

इथवर वाचून भिवाने चष्मा काढून पुसला. हे ज्याने लिहिलं त्याने कुठूनतरी उतरवून घेतलं होतं हे उघड होतं. कुठल्या तरी देशात माणसं घरापुढे एक आणि घरामागे एक अशी दोन अंगणं घेऊन राहतात आणि त्यांना पवनचक्की कुठल्या अंगणात लावावी ही चिंता असते. भानजी चाळीच्या मागे गटार होतं आणि पुढे रस्ता.

त्याने हिशेब मात्र केला. चाळ चाळीस फूट, पाइप अकरा, एकूण एक्कावन्न. दीडपट म्हणजे साडेशहात्तर. चाळ बावीस फूट रुंद. पवनचक्की कायदेशीर करायची तर एका बाजूचं कुंपण रस्ता ओलांडून मिठाईवाल्याच्या भट्टीत घालावं लागलं असतं.

आवाजाबद्दल त्याने काहीच लिहिलं नाही. वर्षाचे निम्मे दिवस ज्या गल्लीत भिंतीएवढे स्पीकर छाती हादरवतात, तिथे पाइपाच्या तीन पात्यांनी शांतता भंगेल म्हणणाऱ्याला उत्तर देणं म्हणजे आपलं पेन झिजवणं.

आणि सावली. रस्त्यापलीकडे, मिठाईवाल्याच्या मागे, गिरणी होती तिथे आता टॉवर होता, बावन्न मजल्यांचा. दुपारी तीननंतर भानजी चाळीच्या एकूण एक खिडकीवर त्याची सावली पडे. वाळत घातलेले कपडे ओलेच काढावे लागत. त्या टॉवरच्या माथ्यावर तीन पवनचक्क्या होत्या, पांढऱ्या, देखण्या. एक एकर होता, दीडपट अंतर होतं, मागचं अंगण होतं, पुढचं होतं. नियमात बसणारी जागा लालबागमध्ये एकच होती, आणि ती तीच होती.

भिवा त्या तिन्हींकडे रोज बघायचा. मोटारी गुंडाळणाऱ्याच्या डोळ्याला एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात दिसली होती. वारा पडला की त्याची पाती थांबत. त्या तीन थांबत नसत. एकाच वेगाने, एकाच तोंडाने, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. वाऱ्याने त्या फिरत नव्हत्या. त्यांना मोटार होती. टॉवर वीज खर्चून पवनचक्की फिरवत होता.

आवाजाची सोडून बाकी पाचही अटींपुढे त्याने 'नाही' लिहिलं. सुवाच्य अक्षरात.

रकाना ५

हा रकाना छापलेलाच नव्हता. चारनंतर एकदम सहा. म्हणून मीराबाईचं इथे.

पत्र आल्यावर चौथ्या दिवशी, दुपारी, भिवा म्हणाला, "दिवे तासभर बंद करतो. सवय करून बघ."

"करा," ती म्हणाली आणि पिशवी घेऊन निघाली.

तो वरच्या पायरीवर उभा राहून ऐकत होता. ती मोठ्याने मोजत उतरायची. एकोणीस पायऱ्या, मग वळण, मग अकरा, असा एकेका मजल्याचा पाढा तिने पाठ केला होता. बारा, तेरा, चौदा, पंधरा. मग काहीच नाही.

गेल्या चार दिवसांत त्याने मालकाला, परचुरेला, टॉवरला, नियम उतरवून घेणाऱ्याला मनातल्या मनात इतकं काही ऐकवलं होतं, आणि आता त्याला तिला हाकही मारता येईना.

"मेले नाही," खालून आवाज आला. "सोळावी कुठे गेली ते बघतेय."

त्याने तार जोडली. उजेड पडला. ती भिंतीला पाठ लावून बसली होती, एक पाय सोळाव्या पायरीच्या मोडक्या कडेवर, पिशवी छातीशी धरून. तिने वर पाहिलं, पण तो उभा होता त्याच्या बरीच डावीकडे.

"सवय झाली," ती म्हणाली. "लावूनच ठेवा आता."

रकाना ६. शेजाऱ्यांची हरकत असल्यास

हरकत कुणाची नव्हती. लहूकडे तर उपाय होता.

लहू मर्चंडे चाळ कमिटीचा सेक्रेटरी, भिवाहून दहा वर्षांनी लहान. कमिटीत सातजण होते आणि सातहीजणांना आपण सेक्रेटरी व्हायला हवं होतं असं वाटायचं. लहूला ते फक्त वाटून थांबलं नव्हतं, एवढाच फरक. तो नियमांची झेरॉक्स घेऊन आला.

"जय भीम, नाना. अट नऊ वाचलीत?"

"सहालाच पोट भरलं."

"ऐका. 'ध्वजस्तंभ, कळस, पाण्याच्या टाक्या यांस हे नियम लागू नाहीत.' ध्वजस्तंभ, नाना. पाइप तोच ठेवायचा. वर पंचशील झेंडा लावायचा. मागे पंखा फिरतोय का काय फिरतंय, कोण बघतो? आणि बघितलं तरी हात लावेल? कोणाची टाप आहे?"

"कोणाची नाही. म्हणूनच लावायचा नाही."

"म्हणजे?"

"झेंडा पंख्यावर पांघरूण घालायला दिलेला नाही."

"झेंड्याने जिन्यात उजेड पडत असेल," मीराबाई चुलीपासून म्हणाली, "तर झेंड्याला कशाला राग येतोय? राग तुम्हालाच येतो. सगळ्याचा."

"वहिनी बोलल्या," लहू म्हणाला. "नाना, तुमचं हे असं आहे म्हणून तुम्ही बदलीच राहिलात."

"आणि तू कशात कायम झालास?"

लहू हसला. त्याला टोमणा लागत नसे. ते एक त्याच्यात बरं होतं किंवा तेवढंच बरं नव्हतं, भिवाचं अजून ठरायचं होतं.

लहू गेल्यावर मीराबाईने भाकरी थापता थापता विचारलं, "खरं कारण काय?"

भिवाने सांगितलं नाही, कारण तिला माहीत होतं. त्याचा बाप कोंडीराम जन्मभर सूतखात्यात राहिला. विणखात्यात मिळकतही जास्त आणि मानही. पण मागावरच्या धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून काढावं लागे, आणि कोंडीरामच्या तोंडाला लागलेलं सूत पुढच्याला चाललं नसतं. आडनाव बदलून सांग, गाव दुसरं सांग, कोण बघतो, असं एका भल्या जॉबरने त्याला सुचवलं होतं. कोंडीराम म्हणाला होता, मला दिसतं ना. बाकी त्याने काही मोठं केलं नाही. तेवढं केलं.

रकाना ७. स्थळपाहणी

पंधराव्या दिवशी दुपारी चारला परचुरे टेप घेऊन गच्चीवर आला. मागोमाग लहू, त्याच्या मागून भिवा. कठड्यापाशी पोहोचला आणि भिवा थबकला. पाइपाच्या टोकाशी पंचशील झेंडा फडकत होता, नवा, इस्त्रीच्या घड्या अजून न मोडलेला. लहू दुसरीकडे बघत होता.

परचुरेचा चेहरा खुलला. "अरे वा. हा तर ध्वजस्तंभ."

"हा ध्वजस्तंभ नाही."

"गमरे, मी ध्वजस्तंभ लिहितो. अट नऊ. फाइल बंद. तुमचा पंखा फिरतोय तिथे फिरू दे."

"नाना, हो म्हणा," लहू पुटपुटला. "वहिनीसाठी तरी म्हणा."

भिवा कठड्यावर चढला. त्याने दोरी सोडली, झेंडा खाली टेकू न देता हातावर घेतला, मूळच्या घड्यांवर नीट घडी घातली आणि लहूच्या हातात ठेवला. "चौदा एप्रिलला लाव. मी स्वतः दोरी ओढीन." मग परचुरेकडे वळून, "आता लिहा."

"काय लिहू?"

"दिसतंय ते."

"तुम्हाला कुणी मदत केलेली चालतच नाही का हो?" परचुरे पहिल्यांदाच चिडला. त्याने खटाखट लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं. "पवनचक्की. एक. अनधिकृत. स्थायी."

"स्थायी कशावरून?"

"अट दोन. सूर्यास्तानंतरही जागेवर राहील ते स्थायी."

भिवाने अट दोन वाचली होती. तिच्यात थट्टा करण्यासारखं काही सापडलं नव्हतं म्हणून तो पुढे गेला होता. त्याने टॉवरकडे पाहिलं. सूर्य त्याच्या मागे गेला होता, पण बुडायला दोन तास होते.

चार बोल्ट. त्याने खिशातून पाना काढला. लहूने न सांगता पाइपाला हात दिला. वीस मिनिटांत पाती, शेपूट, अल्टरनेटर, पाइप, सगळं गच्चीवर आडवं पडलं.

"आता लिहा," भिवा म्हणाला.

"आता इथे काही नाहीच."

"उद्या सकाळी पावणेसातला असेल. संध्याकाळी नसेल. परवा सकाळी असेल."

परचुरेने पेन खिशात ठेवलं, दुसरं काढलं. "रोज? एवढं लोखंड? वय काय तुमचं?"

"बदली होतो, साहेब. सात वर्षं रोज दारात उभा राहिलो. काम मिळालं तर मिळालं, नाही तर घरी. आता ही उभी राहील. हिची बदली म्हणून नोंद घ्या."

"तसा रकाना नाही."

"असणारच नाही."

परचुरेने 'स्थायी' शब्दावर रेघ मारली, पण पुढे काय लिहावं ते त्याला सुचलं नाही. ती जागा अजून कोरी आहे.

रकाना ८. शिक्का

दुसऱ्या दिवसापासून ती उभी राहू लागली. पावणेसातला भिवा पाइप आणि अल्टरनेटर खोलीतून वर नेतो, तीन खेपांत, गुडघ्याला शिव्या देत. मीराबाई पाती नेते. पाती हलकी असतात आणि वरच्या पायऱ्या तिला पाठ आहेत. बोल्ट ती हाताने चाचपून बसवते, तो आवळतो. दहाला तो कचेरीत जातो. आवकच्या खिडकीत एक ओळीचं पत्र देतो: आज सकाळी पावणेसात वाजता पवनचक्की उभी केली, सूर्यास्तापूर्वी उतरवीन, आपला भिवा कोंडीराम गमरे. खिडकीतला माणूस न वाचता शिक्का मारतो. एक प्रत त्यांना, एक भिवाला.

दोनशेव्या पत्राच्या सुमाराला परचुरेने त्याला आत बोलावलं. टेबलावर भिवाची फाइल होती, दोऱ्याने बांधलेली, जाडीने उशीएवढी.

"रोज पत्र द्यायची गरज नाही, काका. आमचा विश्वास आहे."

"तसं लिहून द्या."

"ते नाही देता येणार."

"मग मला येऊ दे."

ऑक्टोबरात एक दिवस वारा पूर्ण पडला. दुपारभर लालबागवर पान हललं नाही. भिवा आणि मीराबाई गच्चीवर टाकीच्या सावलीत बसले होते. त्यांची तीन पाती गप्प उभी होती. समोर बावन्न मजल्यांवर त्या तिघी फिरत होत्या.

"फिरते का आपली?" मीराबाईने विचारलं.

"नाही."

"आणि त्या?"

"त्या फिरतात."

"वारा नसताना?"

"त्यांना काय."

तिने टाकीला पाठ टेकली. मग म्हणाली, "बॅटरी पुरेल?"

"उद्यापर्यंत."

साडेपाचला त्याने पाना काढला. तिने आधी तिन्ही पाती चाचपून मोजली, मग पदर खोचून त्यांची मोळी काखेत धरली आणि जिन्याकडे निघाली, मोठ्याने मोजत. भिवाने शर्टाच्या खिशातलं त्या दिवसाचं पत्र काढून एकदा पाहिलं. शिक्का स्वच्छ उमटला होता, तारखेसकट. पवनचक्कीला आज काम मिळालं नव्हतं. ती हजर होती.